केळीखाऊ पक्ष्यांचं कूळ

भावानं पाठवलेल्या केळीच्या फणीचा वास घरभर पसरला आणि कुरुंद्याच्या आमच्या केळीच्या बागेतली ती दुपार आठवली. बीएस्सीची परीक्षा तोंडावर होती. मी केळीच्या सावलीत गोणपाटावर बसून आफ्रिकेतल्या केळीखाऊ पक्ष्यांचं वर्गीकरण मोठ्यानं पाठ करत होते. सकाळपासून घड वाहून थकलेली आई शेजारी धपकन बसली. साडीवर चिकाचे काळे डाग, खांदा सोललेला. "काय वाचून राहिलीस?" तिनं डोळे मिटूनच विचारलं. मी सांगितलं, या पक्ष्यांना आधी कोकिळेच्या गणात धरायचे, मग अभ्यासकांनी वेगळं काढलं. नाव केळीखाऊ, पण केळी ते फारशी खातच नाहीत. आईनं सोललेल्या खांद्यावर पदर ओढला. मग म्हणाली, "वेगळं काढलं, तवा त्यायला इचारलं का कोन्ही?" मी हसले. पक्ष्यांना कोण विचारतं! ती हसली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुढचा घड आणायला गेली. माहेरच्या शेतातला वाटा तिनं मामाला कधीच लिहून दिला होता, हे मला फार उशिरा कळलं. आज फणीसोबत माझंही हक्कसोडपत्र आलंय. वाद घालायचं त्राण माझ्यातही उरलेलं नाही. सही जिथं करायची, तिथं भावानं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली आहे.