सहा फुटांवरची आत्या

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी एका घराच्या तळघरात शिवणयंत्र आहे, आणि त्या यंत्राशी बसणाऱ्या शोभनाच्या गळ्यात कायम टेप. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साडीच्या दुकानातून ब्लाउजपीस तिच्याकडे येतात. तिनं शिवलेला ब्लाउज घातला की बाई आरशापुढून हलत नाही. मूळची ती बार्शीची. लग्न होऊन अमेरिकेत आली, नवरा लवकर गेला, पण ती मागे फिरली नाही. उलट धाकट्या भावाला, विक्रमला, शिकायला बोलावून घेतलं. आता त्याच्याच घरात राहायची, तेही ताठ मानेनं. दोनदा मोजायचं, एकदा कापायचं, हा तिचा धर्म.

त्याच ताठ मानेत दोन वर्षांपूर्वी गाठ लागली. स्वतःच्या ब्लाउजच्या गळ्याचं माप घेताना टेपखाली बोटांना लागली. लिम्फोमा निघाला, लसीकाग्रंथींचा कॅन्सर. केमोनं गाठी विरल्या, आणि पुन्हा आल्या. मग २००४ च्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी नवं औषध सांगितलं. ते रोगट पेशी हुडकून त्यांनाच चिकटतं आणि किरणं सोडणारं आयोडीन सोबत नेतं.

"म्हणजे डाग तेवढा काढायचा, साडी फाडायची नाही!" शोभना म्हणाली. विक्रमनं इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले.

पण त्यांनी काही लपवलं नाही. रक्तातल्या पेशी काही आठवड्यांनी उतरतील, म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जपायला साध्या आयोडीनचे थेंब रोज घ्यायचे.

"आणि घरातल्यांना काही होईल का?" तिचा खरा प्रश्न हाच होता. भावजय इलाचे दिवस भरत आले होते.

"मोठी माणसं थोडा वेळ जवळ आली तर चालतील. तान्हं बाळ आणि गरोदर बाई मात्र सहा फूट लांब. किती दिवस, ते तुमच्या शरीराचं माप घेऊन सांगू."

माप म्हटल्यावर शोभनाचा विश्वास बसला.

आधी चाचणीचा लहान डोस झाला. त्याच आठवड्यात, बुधवारी, इलाला मुलगी झाली. शोभनानं तिला हातात घेतलं नाही, दारातूनच पाहिलं. इवल्या मुठी, काळंभोर जावळ! या लेकराला एकुलती एक आत्या, आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दोन वर्षं ती औषधं गिळत होती, ती जणू या एका कुजबुजीसाठीच. बाराव्या दिवशी, रविवारी, बारसं ठरलं.

पुढच्या सोमवारी मोठा डोस दिला. "सात दिवस," नर्सनं सांगितलं आणि कागद हातात ठेवला. घरी विक्रमनं बोटांवर मोजलं, "सोमवार एक, मंगळवार दोन... रविवार सात! ताई, बरोबर बारशाला तू मोकळी!" बाळाचे बारा दिवस जन्माचा दिवस धरून मोजले होते, तसेच हेही मोजले. चाळीस माणसांना फोन गेले.

शोभना तळघरात राहिली. न्हाणीघर वेगळं, ताटवाटी वेगळी. जिन्याच्या वरच्या तोंडाशी तिनं खडूची रेघ ओढली. टेप साठ इंचांची, वर बारा इंच धरून सहा फूट पुरे. रेघेपलीकडे तेवढ्या अंतरावर बाळ यायचं, अलीकडून आत्या बघायची. विक्रम चिडवायचा, "ताई, तू रेडिओ स्टेशन झालीस यार!"

रविवारी सकाळी नवी साडी नेसून ती जिना चढणार, तेवढ्यात जुनी सवय आडवी आली. कापण्याआधी पुन्हा मोजायचं. तिनं कागद उघडला. नर्सच्या हातानं डोसची तारीख लिहिली होती, वेळही. सोमवार, सकाळी अकरा. पूर्ण सात दिवस.

एक दिवस कमी पडत होता.

विक्रमनं हॉस्पिटलला फोन लावला. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "सहा फुटांवरून बघा, बोला, गा. जवळ उद्या अकरानंतर."

वर गलका झाला. "एका दिवसानं काय होतंय?" इलाची आई, शरयूकाकू, म्हणाल्या.

"काकू, एका इंचानं ब्लाउज बिघडतो."

"मग बारसं उद्या करू," विक्रम म्हणाला.

"तेराव्या दिवशी? वेड लागलंय का जावईबापू?"

इला हळूच म्हणाली, "ताई, माझ्या एखाद्या मैत्रिणीला सांगू? तुमच्या वतीनं?"

शोभना रेघेशी उभी राहून पाळण्याकडे बघत राहिली. हातातला कागद तिनं नकळत गुंडाळला. त्याची सुरळी झाली. सुरळीकडे तिनं पाहिलं, आणि डोळे चमकले.

"विक्रम! अस्तराच्या ताग्यांच्या नळ्या आण. पुठ्ठ्याच्या. दोन!"

एकेक नळी पाच फुटांची. चिकटपट्टी लावून जोडल्या, दहा फूट झाल्या. सहाला दहा! पाळण्याकडच्या तोंडाला तिनं मलमलीचा मऊ गोट शिवून दिला. पाहुणे आले, गरोदर असलेली एक मैत्रीण लांबच्या खोलीत बसली, आणि पाळण्यापासून सरळ जिन्याच्या दारापर्यंत नळी आडवी झाली. एका टोकाला इलानं ती बाळाच्या कानाशी धरली, दुसऱ्या टोकाला आत्या बसली. चाळीस माणसं श्वास रोखून.

"कुर्रर्र..." नळी घुमली. बाळानं डोळे टक्क उघडले. मग आत्यानं नाव सांगितलं, इतकं हळू की शेजारच्यालाही कळलं नाही.

"पोहोचलं का गं?" तिनं ओरडून विचारलं.

"हसली ताई! हसली!" इला रडत म्हणाली. बारा दिवसांचं पोर हसतं का, हे कुणी विचारलं नाही. कादंबरी, कादंबरी, घरभर नाव झालं.

"आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे राहिले की!" शरयूकाकू म्हणाल्या.

सोमवारी पावणेअकरापासून शोभना खडूच्या रेघेवर उभी होती, नजर घड्याळावर. अकरा वाजले. एक मिनिट तिनं वरचं दिलं, शिवणीत माया सोडावी तसं. मग पायानं रेघ पुसली आणि हात पुढे केले. कादंबरी त्या हातांत आली, आणि मागून शरयूकाकूंचा धपाटा बसला तो असा सणसणीत, की आत्या हसता हसता खालीच बसली. बाळ मात्र छातीशी घट्ट होतं.