आपोआप सुरू झालेला सर्व्हर

सकाळी ऑफिसातली लाइट गेली आणि आली. सवयीने सुनीताताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आमच्या कोडमधल्या चुका तपासणारा सर्व्हर इतकी वर्षं त्यांच्याच लॉगिनमध्ये, एका उघड्या विंडोत चालायचा. लाइट गेली की तो बंद, आणि त्या सुरू करीपर्यंत सगळ्यांचं काम अडलेलं. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला जायचीही त्यांची तयारी नव्हती. गेल्या आठवड्यात मी तो 'सर्व्हिस' म्हणून बसवला, म्हणजे कुणी लॉगिन न करताही मागे चालणारा प्रोग्रॅम. आता मशीन सुरू झालं की तोही सुरू होतो.

"ताई, बसा. चालू झालाय तो."

"बघून तर येते."

"करमत नाही म्हणा की त्याच्याशिवाय!"

"गप रे. तुला शिकवलं तेच चुकलं."

हे काम मला शिकवलं मात्र त्यांनीच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण ती पदवी काय आपोआप मिळाली? आई पहाटे उठून डबा करायची, म्हणून मी पहिली एसटी गाठायचो. आपोआप चालणाऱ्या गोष्टीआधी कुणीतरी कितीतरी वेळा उठलेलं असतं.

ताईंनी सर्व्हर पाहिला, आणि तिथूनच लेकीला फोन लावला.

"अगं, येतेय मी. नाही गं, कुणी परत बोलवणार नाही. चांगली महिनाभर राहते."