मामंजींशी पहिला शब्द

माझं माहेर ताडकळसकडचं. तिकडची जमीन थापलेल्या भाकरीसारखी सपाट. लग्न होईपर्यंत मी चढले-उतरले त्या फक्त विहिरीच्या पायऱ्या. तरी सासरी, येलदरीच्या वरच्या डोंगरात, पाय ठेवल्या ठेवल्या मी जावेला ऐकवलं, "आमी डोंगराला भीत नसतो बरं. आमच्याकडं बायका विहिरीत उड्या मारत्यात." वय सोळा, अक्कल त्याच्या निम्मी. जाऊ नुसती हसली.

निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली होती. येलदरीला नदी अडवणार म्हणून साहेब लोक मोजमाप करून जात. आमच्या घराला मात्र वेगळीच काळजी होती. जावेला बाळंतपणात ताप आला आणि तिचं दूध आटलं. लेकरू जगलं एका काळ्या शेळीवर. दुसऱ्या कुठल्या शेळीचं दूध पाजलं की ते ओकून टाकायचं. त्यामुळे त्या काळीचा घरात जो मान होता, तो मला नवी सून असून नव्हता.

दिवाळी झाली की आमच्यातले पुरुष मेंढरं घेऊन खालच्या मुलखात जात, शेतांत खतासाठी बसवायला. माझे मालकही गेले होते. घरी उरलो आत्याबाई म्हणजे माझी सासू, मामंजी म्हणजे सासरे, जाऊ, लेकरू आणि मी. अशात एका दुपारी शेळ्या परत आल्या, काळी आली नाही. मामंजी शोधत गेले तर घळीच्या तळातून तिचं ओरडणं ऐकू आलं. कुठल्यातरी पाल्याच्या लोभानं उतरली असेल. शेळीला उतरायचं कळतं, परतायचं कळत नाही.

जावेनं लेकरू छातीशी धरून एवढंच विचारलं, "आत्याबाई, सांजच्याला ह्याला काय पाजू?"

आत्याबाईंनी लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर ओढला, घोंगडी खांद्यावर टाकली, अंबाडीचा जाड दोर मामंजींच्या हातात दिला. मामंजींचा गुडघा सुजलेला, ते उतरू शकत नव्हते. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चल गं विहिरीवाली."

ती घळ मी तोवर लांबूनच पाहिली होती. आता काठावर उभी राहून खाली वाकले. काळ्या पाषाणात कुणी कुऱ्हाडीनं एकच घाव घालावा तशी ती फाटत गेली होती. आत पाण्याची धार अजून जिवंत होती आणि तिचा आवाज घुमत होता. आत्याबाईंनी दोर माझ्या कमरेला बांधला. स्वतःला बांधला नाही. दगडाकडं तोंड करून, एकेक बोट फटीत घालत, पन्नाशीची ती बाई पाल भिंतीवरून उतरावी तशी निम्म्यापर्यंत गेली. पाय ठेवायच्या आधी अंगठ्यानं दगड चाचपायची, हलला तर सोडायची. एवढं सोपं दिसलं मला ते!

मी उतरायला लागले ती जिन्यावरून उतरावं तशी, पाठ दगडाला लावून. दुसऱ्याच पावलाला शेवाळावरून बुडावर घसरले.

"तोंड दगडाकडं कर!" खालून आरोळी आली.

तोंड दगडाकडं केलं आणि खरी पंचाईत झाली. काठावर दोर धरून मामंजी उभे, ते थेट माझ्याकडं बघतायत. सासऱ्यासमोर तोंड उघडं कसं टाकायचं? मी एका हातानं पदर पुढं ओढला. तो सुटायला लागला म्हणून त्याचा काठ दातात धरला. पदर डोळ्यांवर आला. आता खाली पाय कुठं ठेवायचा ते दिसेना आणि तोंड उघडता येईना. डोक्यावर गाठोडं ठेवलेल्या चोरासारखी मी भिंतीला चिकटून राहिले.

"का गं, झोपलीस का तिथं?"

"ऊं... ऊं..."

"काय ऊं ऊं करायलीस! घोड्यासारखा लगाम काहून धरलाय दातात?" मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या वर बघून ओरडल्या, "अवं! पाठ फिरवा जरा! लाजंपायी मरायलीय पोरगी!"

मामंजी वळले, दोर खांद्यावरून पुढं घेतला, उंबराच्या मुळाला टाच लावली आणि घळीकडं पाठ करून मोटेच्या बैलासारखे उभे राहिले. मी पदर कमरेला खोचला. दोन्ही हात मोकळे झाले. आणि तेव्हा पहिल्यांदा मी ती घळ नीट पाहिली. पुस्तकं एकावर एक रचावीत तसे दगडाचे थर, फटीफटीतून लोंबणारं हिरवं नेचं, कपारीत घुमणारे पारवे, आणि उन्हाची एकच पट्टी तळातल्या पाण्यावर. पाणी इतकं निवळ की खालचे गोटे मोजता यावेत. मी चार महिने त्या घळीपासून हाकेच्या अंतरावर भांडी घासली होती!

निम्म्यावर एक ओट्याएवढी कपार होती. आत्याबाईंनी मला तिथंच बसवलं, दोर सोडून घेतला आणि त्या तळाला गेल्या. काळी एका दगडावर थरथरत उभी होती. आत्याबाई छातीभर पाण्यातून गेल्या, तिला पोटाशी घेतलं, घोंगडीत बांधलं, दोराला गाठ मारली आणि हिसका दिला. मामंजी ओढायला लागले.

शेळी वर आली ती थेट माझ्या कपारीच्या खाली अडकली. दगडाच्या पुढं आलेल्या ओठाखाली तिची मान दबली. मामंजींना दिसत नव्हतं, ते ओढतच होते. आत्याबाई खालून जीव तोडून ओरडत होत्या, पण धारेच्या आवाजात ते वर पोचत नव्हतं. काळीची जीभ बाहेर आली.

चार महिन्यांत मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. जेवायला बोलवायचं तर भिंतीकडं बघून म्हणायचं, "जेवायला चला म्हणावं." तीच सवय बघा. मी शेळीलाच म्हणाले, "मामंजीला थांबा म्हणावं गं!" ती बिचारी गुदमरायली होती, आणि मी तिच्याकडून निरोप धाडत होते!

मग मात्र मी नरडं फाडून ओरडले, "थांबा! मामंजी, थांबा! ढील द्या!"

दोर क्षणात सैल पडला. मी पालथी झोपले, घोंगडीत हात घालून काळीची मान बाहेर काढली, तिला ओठाच्या पुढं ढकलून धरलं. "आता ओढा! हळू! हं, अजून!" सून हुकूम सोडत होती आणि सासरा पाठमोरा ऐकत होता. शेळी काठावर गेली. तिच्यामागं दोर आला मला घ्यायला. आत्याबाई आपल्याआपण वर आल्या, ओल्या लुगड्यानिशी, वाटेत शेळीसाठी मूठभर पाला तोडून.

घरी आलो तर लेकरू रडून रडून निळं पडलेलं. जाऊ भांडं घेऊन धावली. पण भेदरलेली काळी पान्हा सोडेना. आत्याबाई तिच्यापाशी मांडी घालून बसल्या, कोमट पाण्याच्या फडक्यानं कास शेकत राहिल्या, तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत राहिल्या. मी विचारलं, "आत्याबाई, उतरताना भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अंगठ्यानं चाचपत गेले."

बऱ्याच वेळानं भांड्यात पहिली धार वाजली. अर्धी वाटी निघाली, जास्त नाही. जावेनं कापसाचा बोळा भिजवून लेकराच्या ओठाला लावला. आधी त्यानं तोंड फिरवलं. मग चोखलं, आणि पुढचा बोळा यायच्या आत जावेचं बोटच धरून चोखायला लागलं.