क्रमांक अकरा

आमची नणंद संशोधन करते म्हणजे नक्की काय करते, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "दिवसभर लोकांचे मेसेज वाचायचे, आणि त्याची डॉक्टरेट?" असं त्या येईल-जाईल त्याला विचारतात.

विषय असा, की आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर बायका काय बोलतात आणि काय गिळतात. तीन वर्षं ती जिने चढली, चौदा जणींशी दार लावून बोलली. प्रत्येकीला शब्द दिला, नाव कुठेही येणार नाही, फक्त क्रमांक. ती यादी तिने मलाही दाखवली नाही, आणि मी काही कमी खनपटीला बसले नव्हते.

त्या दिवशी पाच वाजता तिच्या मार्गदर्शक बाई अहवाल विद्यापीठाच्या साइटवर सगळ्यांना वाचायला चढवणार होत्या. साडेचारला मी शेवटचं शुद्धलेखन बघत होते. क्रमांक अकराचा ग्रुपवरचा मेसेज शब्दन् शब्द दिला होता: 'पाण्याची मोटर आणि माझं डोकं, दोन्ही कोरडीच फिरतायत.'

मला हसू आलं. चाळा म्हणून ग्रुपवर तेवढे शब्द शोधले. दोन वर्षांपूर्वीचा मेसेज नावासकट समोर. तिसऱ्या मजल्यावरची शिकवणीवाली!

खालच्याच ओळीत तिची मुलाखत: 'यांना न सांगता परगावी नोकरी धरलीय. परीक्षा संपल्या की मुलीला घेऊन निघणार.'

तिचे 'हे' म्हणजे आमचे सेक्रेटरी. सकाळीच त्यांनी ग्रुपवर विचारलं होतं, "अहवाल कधी येतोय? आमच्या बायका काय बोलल्या बघू तरी."

"अगं, इकडे ये," मी हाक मारली.

नणंदेने मोबाइल बघितला, मग अहवालातली ती ओळ. "नावं काढली गं वहिनी. शब्द तसेच ठेवले. शब्द तसेच ठेवायचे असतात."

बाईंचा फोन लागेना. मी स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलला ती मागून एकच म्हणायची, "किती वाजले?"

बाई संगणकासमोरच होत्या. नणंदेने दारातूनच ओरडून थांबवलं. सगळं ऐकून बाईंनी चष्मा काढला. "असे तर चौदाही जणींचे मेसेज शोधता येतील. तेच काढलेस तर उरतं काय? सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. पदवी सहा महिने पुढे."

"जाऊ दे पुढे," ती म्हणाली. तिने पुन्हा विचार केला नाही.

सोसायटीच्या फाटकाशी उतरून तिने ग्रुपवर टाकलं, "अहवालाला आणखी सहा महिने लागतील."

सेक्रेटरींनी लगेच हसरे चेहरे टाकले. "एवढं काय लिहिताय? कादंबरी?"

मग तिसऱ्या मजल्यावरून दोनच शब्द आले.

"घाई नाही."

परीक्षा संपायला अजून तीन आठवडे होते.