अर्ध्या सीटवरचं ध्यान

अंजूरहून भिवंडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात एक माणूस रोज ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या सीटवर लटकून ध्यान करायचा. गळ्यात जाड साखळी, कपाळाला आठ्या, डोळे गच्च मिटलेले. मांडीवरच्या मोबाइलमधली बाई मोठ्या आवाजात सांगायची, श्वासाकडे लक्ष द्या. मागे कुणी खोकलं तरी हा डोळे न उघडता ओरडायचा, "ए, गप ऱ्हावा ना! डॉक्टरनी सांगितलाय, यानी डोकं थंड होतं!"

एकदा मी वैतागून विचारलंच, "दादा, मग गेला का राग?"

"न्हाय. त्याच्यापायी पोरगा घर सोडून गेला, तरी राग जात न्हाय. पन आता येताना दिसतो. गोदामाचा ट्रेलर येताना दिसला की आपन बाजूला होतो ना, तसा होतो मी."

तेवढ्यात एक टेम्पो रिक्षाला घासून गेला. दादाने लांब श्वास घेतला. आम्हीही आमचा धरून बसलो. मग त्याने टेम्पोवाल्याच्या बापजाद्यांचा असा उद्धार केला, की मोबाइलमधली बाई ऐकूच येईना.

"राग येताना दिसला नाही का?" मी विचारलं.

"दिसला ना," तो खाली बघत म्हणाला. "पन बाजूला व्हायला हितं जागा कुठं हाय?"

मी जरा मागे सरकायला गेलो. जागा खरंच नव्हती.