टांग्याच्या शिनेमाचा शेवट

आधीच सांगून ठेवतो, मी विज्ञानाचा मास्तर आहे. नांदेडला नववी-दहावीच्या पोरांना प्रकाशाचं परावर्तन शिकवतो आणि वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की त्याला पूर्ण तासभर उभा करतो. (आमच्या जिन्यातला बल्ब गेला की मी बायकोला पुढं घालतो, ही गोष्ट वेगळी. तिला पायऱ्यांचा अंदाज चांगला आहे.) तेव्हा हे वाचून ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मी स्वतः अजून हसायचं की काय करायचं ते ठरवलेलं नाही.

आमच्या घराण्याला देवाधर्मापेक्षा शिनेमाचं वेड जास्त. कुणाला शिनेमाचं नाव मात्र आठवत नाही. कुस्तीचा शिनेमा, विहिरीचा शिनेमा, आंधळ्या सासूचा शिनेमा – अशीच नावं. आणि चार माणसं जमली की ‘आजपर्यंतचा सगळ्यात भारी शिनेमा कोणता’ यावर भांडण ठरलेलं. लातूरचे बापूमामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, कुस्तीच्या शिनेमासाठी जीव टाकतात.

“तुझ्या त्या शिनेमात हिरोच्या आधी हिरोचं पोट आखाड्यात येतं रे बापू,” आई म्हणणार.

“आन तुझ्या टांग्याच्या शिनेमात काय हाय आक्का? घोड्यानंच तेवढं काम बरं केलंय.”

आईचा लाडका हा टांग्याचा शिनेमा. लोह्याजवळच्या तिच्या गावी जत्रेत टुरिंग टॉकीज आली होती, तंबूत पाहिलेला. टांगेवाल्याची बायको भांडून माहेरी जाते, शेवटी हा तिला आणायला जातो. आई म्हणते, ती बाहेर येते, टांग्यात चढते, नवऱ्याच्या हातातला चाबूक घेऊन फेकून देते आणि स्वतः लगाम धरून हसते. मामा म्हणतात, दार उघडतच नाही. टांगा रिकामा परत जातो. समाप्त.

“तू माझ्या मांडीवर झोपला होतास!”

“शेवटाला उठलो होतो आक्का, आईशप्पथ!”

हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं.

मागच्या वर्षापासून आई विसरायला लागली. गॅस चालू राहायचा. मला मामाच्या नावानं हाक मारायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वयानुसार असतं. आई गप्प गप्प राहू लागली. काही सांगायला तोंड उघडायची आणि मध्येच थांबायची... बरोबर आठवतंय की नाही, याचीच तिला भीती.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या मुलीनं पुण्याहून मोबाईलवर लिंक पाठवली – टांग्याचा शिनेमा इंटरनेटवर सापडला! आई एकदम उठून बसली. “भाऊबिजेला बापू येतो, तवा लावा. समद्यांच्या म्होरं.” मग थोड्या वेळानं हळूच मला म्हणाली, “माय त्या दिशी माझ्या बाजूला बसली होती. ती बाई हसली आन माय बी हसली, तोंडावरचा पदर काढून. मी मायला तशी हसताना तेवढ्या एकाच बारीला पाह्यलं. तो शेवट खोटा निघाला, तर माय हसली ते बी खोटंच का रे?”

मी विज्ञानाचा माणूस. म्हणून गुपचूप आधी शेवट पाहून घेतला.

टांगा रिकामा परत जात होता.

मामांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, मामा जिंकल्याच्या आनंदात लातूरला पेढे वाटतील. पण मामा म्हणाले, “लिंक मोडली म्हनून सांग की.”

“ती रोज विचारून राहिली मामा. कधी लावता, कधी लावता.”

“मग लाईट घालव. शेवट आला की मी खोकतो, तू मेन स्विच पाड.”

एक निवृत्त तलाठी आणि एक विज्ञान शिक्षक यांनी मिळून आखलेला हा कट.

भाऊबिजेच्या दिवशी ओवाळणं झालं, पुरणपोळ्या झाल्या आणि नांदेडच्या तरोड्यातल्या आमच्या घरी भर दुपारी हॉलमध्ये टीव्ही लागला. आई पुढच्या खुर्चीत, मामा शेजारी, बायको दारात लसूण सोलत. आईला घोडा ओळखू आला, कपाळावरचा पांढरा ठिपका ओळखू आला. शेवट जवळ आला तसा मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि पॅसेजमध्ये मेन स्विचवर हात ठेवून उभा राहिलो.

टांगा दारापुढं थांबला. मी खोकल्याची वाट पाहतोय.

मामा खोकेनात.

चिवडा खाताना शंभरदा ठसकणारा माणूस! मी वैतागून आत डोकावलो. पडद्यावर दार उघडलं होतं. नऊवारीतली एक बाई बाहेर आली, पदर खोचला, घोड्यापाशी जरा थांबली, टांग्यात चढली. नवऱ्याच्या हातातला चाबूक घेतला आणि फेकून दिला. लगाम धरला आणि... हसली. चांगली दात दाखवून, मोकळी हसली.

आई हसत होती. मामांचं तोंड उघडं.

“अगं बाई,” माझी बायको लसूण हातात धरून म्हणाली, “चढायच्या आधी घोड्याला भाकर दिली की तिनं!”

“हाव!” आई गर्रकन वळली. “भाकर! ते तर मी इसरलेच होते. माय म्हनली बी होती – नवऱ्याच्या आधी घोड्याला इचारलं बग.”

भाकरीचं मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. मामांनीही नाही. आईनं कधी सांगितलंच नव्हतं.

आई समाधानानं आत जाऊन आडवी झाली. आम्ही तिघांनी दार लोटून तोच व्हिडिओ परत लावला. टांगा दारापुढं थांबला. दार उघडलं नाही. टांगा रिकामा गेला. परत लावला – रिकामा. मोबाईलवर लावला, मुलीला फोन करून तिच्याकडं लावायला सांगितला – रिकामा.

“मास्तर,” मामा घाम पुसत म्हणाले, “कामून झालं हे? तुमचं सायन्स काय म्हनतं?”

सायन्स म्हणालं, पुरणपोळी जड झाली असेल. तिघांना एकच भास होऊ शकतो, आईची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलेली. पण मग भाकर कुठून आली? तिथं माझं सायन्स जे बसलंय ते अजून उठलेलं नाही.

निघताना मामा आईच्या पाया पडले. “आक्का, हारलो. तूच खरी.” आई नुसती मान हलवून हसली.

आता गोड शेवट व्हायला हवा होता. पण झालं उलटंच. भांडण मिटलं आणि दोघांना बोलायला काही उरेना. लातूरचा फोन यायचा, ‘जेवलीस का, हाव, ठेवू का’ एवढ्यात संपायचा. आई पुन्हा गप्प होऊ लागली. एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, “तुमी कुठल्या गावचे?”

मी मामांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावून आईपुढं धरला.

“आक्का, मी लई इच्यार करून राहिलो. ते दार काय उघडलं न्हाई बग. टांगा रिकामाच गेला.”

आईनं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. “काय बी बोलतो का रे बापू! समद्यांच्या म्होरं पाह्यलं ना? भाकर दिली तिनं घोड्याला! माय हसली का न्हाई?”

“तुला सपान पडलं आसंल आक्का.”

“आन तू झोपला होतास!”

आता रोज संध्याकाळी फोन येतो. कधी कधी आई आम्हाला ओळखत नाही, पण मामांना हरवायचं मात्र विसरत नाही. पलीकडं मामा सगळं डोळ्यांनी पाहूनही रोज खोटं बोलतात, रोज हरतात. त्या दुपारी पडद्यावर काय आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. लिंक मोबाईलमध्ये आहे अजून. परत उघडून पाहायचं मी सोडून दिलंय.