पॅरिसची परीक्षा मत्रहला

दूध सोडलं ते नातीमुळे, हे आधीच सांगून टाकते. मस्कतला मुलाकडे राहत होते तेव्हा तिने शाळेसाठी कसलासा प्रोजेक्ट केला आणि मला मोबाईलवर गाईपासून तोडलेल्या वासरांचे व्हिडिओ दाखवले. दोघी रडलो. दूध, दही, तूप, मध, सगळं त्याच दिवशी बंद केलं. नातीचं चार दिवस टिकलं, पाचव्या दिवशी घरात पिझ्झा आला. माझं मात्र टिकलं. याला व्हीगन म्हणतात हेसुद्धा मला नंतर कळलं.

तर पुण्याची धाकटी बहीण आणि मी, आम्ही दोघींनी आठ दिवस पॅरिस पायी फिरायचा बेत केला होता. टूरची बस नको, झेंडा धरून पुढे चालणारा माणूस नको. एक खोली घ्यायची, सकाळी बूट चढवायचे आणि सुटायचं. माझं तिकीट मुलगा काढणार होता, आणि तोच अडून बसला.

"तू उपाशी राहशील याची भीती नाही मला, आई," तो म्हणाला. "तुला नाही म्हणता येत नाही. कोणी जरा आग्रह केला की खलास. खाशील, आणि मग आठ दिवस हळहळशील."

खोटं कुठे होतं त्यात? खालच्या मजल्यावरच्या वसईच्या बाईंनी प्रेमाने दिलेला लोण्याचा केक मी गेल्याच आठवड्यात खाल्ला होता आणि दोन दिवस तोंड पाडून बसले होते. म्हणून मग त्याने परीक्षा ठेवली. सकाळी नऊला मला मस्कतच्या जुन्या भागात, मत्रहच्या समुद्राकाठी सोडायचं, दुपारी एकला तिथूनच घ्यायचं. टॅक्सी नाही. पोटभर खायचं. आणि 'डॉक्टरांनी मना केलंय' ही थाप कुठेही मारायची नाही. जमलं तर तिकीट, नाहीतर पॅरिस विसरायचं.

जानेवारीतली सकाळ होती, हवा अशी की साडीचा पदर उडत होता आणि पाय आपोआप उचलले जात होते. पण मस्कतमध्ये पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, असंच सगळे धरून चालतात. दर दोन मिनिटांनी एक टॅक्सी हळू व्हायची, हॉर्न द्यायची. मी हात हलवून नाही म्हणायचे. पाच टॅक्स्यांना नाही म्हटलं आणि मला वाटलं, हे तर काहीच नाही.

गल्लीतल्या मल्याळी चहावाल्याकडे बसले. दूध नको, तूप नको म्हटल्यावर त्याने कीव येऊन विचारलं, शुगर आहे का. मी म्हटलं, काही नाही, धडधाकट आहे, माझी मर्जी. त्याने खांदे उडवले आणि तांदळाच्या पिठाचा पुट्टू, काळ्या चण्यांची उसळ आणि लिंबू पिळलेला कोरा चहा पुढे ठेवला. नारळ घातलेला तो वाफाळता पुट्टू खाताना मला जवळजवळ पॅरिसच दिसायला लागलं.

मग बाजारात शिरले. वर लाकडी छत, खाली दोन्हीकडे शाली, चांदी, अत्तरं, आणि सगळीकडे लोबानचा धूर. एका म्हाताऱ्या ओमानी दुकानदाराकडे थोडा लोबान घेतला. पांढरा झगा, नक्षीची टोपी, आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगली. त्याने मला स्टुलावर बसवलं, आतून ताटली आणली. ताटलीत हलवा. केशरी, चकचकीत, तुपाने नुसता ओथंबलेला. शेजारच्या स्टुलावर एक ओमानी बाई आधीच बसल्या होत्या, त्याही बघत होत्या.

"अम्मा, घरका है," तो म्हणाला.

माझा हात निघालाच होता. हात मागे घेतला आणि म्हटलं, "दादा, हलवा अच्छा ही होगा. पर मैं घी नहीं खाती."

"डॉक्टर?"

"नहीं. मेरा मन."

त्याने क्षणभर विचार केला, हलवा बाजूला सारला आणि खजूर पुढे केले. बस्स, एवढंच. सत्तर वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

मला इतका आनंद झाला की त्याने ओतलेली कॉफी मी एका घोटात संपवली. बिनदुधाची, वेलदोड्याची, बोटभर कपातली. त्याने परत ओतली. आपल्याकडे वाढलेलं टाकायचं नाही, ही लहानपणापासूनची शिस्त, म्हणून तीही संपवली. त्याने परत ओतली. मी संपवते आहे, तो ओततो आहे. चौथा, पाचवा. नुसतं नको म्हणून पाहिलं, तो हसून म्हणाला, लाजू नका. सहावा. त्याची सुरई रिकामी झाली तर त्याने आतून दुसरी मागवली. आठव्या कपाला माझी छाती धडधडत होती आणि त्याचा चेहराही जरा उतरला होता.

शेवटी शेजारच्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी आपला रिकामा कप दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवला. मी तसा हलवला. दुकानदाराने सुरई खाली ठेवली आणि केवढा मोठा श्वास सोडला. तिथली रीतच ती. पाहुणा कप हलवत नाही तोवर यजमानाने ओतत राहायचं. मी संपवते म्हणून तो ओतत होता आणि तो ओततो म्हणून मी संपवत होते. कळल्यावर तिघंही पोट धरून हसलो.

बाहेर आले ती चालत नव्हते, तरंगत होते. आठ कप कॉफी अंगात. समुद्र जास्तच निळा, होड्या जास्तच पांढऱ्या. एक वाजलेला कळलाच नाही. मुलाला मी ठरल्या जागी नाही, चांगली दोन किलोमीटर पुढे, रियामच्या बागेपाशी सापडले.

"यल्ला, चल, बस गाडीत," एवढंच म्हणाला. काळजीने तोंड उतरलं होतं. मी घाबरून सगळं सांगितलं. हलव्याचं ऐकून जरा निवळला, पण कॉफीवर अडला. "आठ कप? म्हणजे तुला नाही म्हणता येत नाहीच."

पॅरिस गेलं, असंच वाटलं.

घरी जेवायला बसलो. सुनेने वरणभात वाढला. मुलाने, आता कळतं की मुद्दामच, तुपाची वाटी उचलली आणि लहानपणी मी त्याला भरवताना काढायचे तोच आवाज काढला. "आई, थोडंसंच. माझ्यासाठी."

बाहेरच्याला नाही म्हणणं सोपं होतं. हा माझाच मुलगा होता. मी ताटातली रिकामी वाटी दोन बोटांत धरली आणि डावीकडे-उजवीकडे हलवली.

"आजी, हे व्हॉट... काय करते तू?" नातीने विचारलं.

मुलाने तुपाची वाटी खाली ठेवली, हात धुतले आणि अर्ध्या जेवणावरून उठून लॅपटॉप घेऊन आला.

पॅरिसला आम्ही आठ दिवस चाललो, बहिणीच्या बुटाचा तळ सुटेपर्यंत. पहिल्याच सकाळी कोरी कॉफी घेतली, संपवली, आणि कप बोटांत धरून तयारीत बसले. कोणी आलं नाही. वेटर तर बघतही नव्हता.

बहिणीला म्हटलं, अगं, इथे कोणी आग्रहच करत नाही. खरं सांगू, जरा चुकल्यासारखंच वाटलं.